टोयोटा म्हणजे डोळे झाकून? निदान बॉनेट उघडून तरी बघा

प्रश्न : आम्ही इचलकरंजीचे. घरचे यंत्रमाग आहेत. सासरे, दीर आणि माझे यजमान ते बघतात. मी कोल्हापुरात नोकरी करते. रोज जाऊन-येऊन साठ किलोमीटर होतात. इतके दिवस एसटीवर निभावलं, आता गाडी घ्यायची ठरली आहे आणि ती मुख्यतः मीच चालवणार आहे. दहा लाखांपर्यंत तयारी आहे, फारच ओढलं तर साडेबारा. घरात आम्ही सहा माणसं.

सासऱ्यांकडे पूर्वी क्वालिस होती. त्यांचं एकच म्हणणं, "टोयोटा घे, डोळे झाकून." नणंद अमेरिकेत असते, तिच्याकडे जुनी कॅमरी आहे, तीही फोनवर हेच सांगते. दिरांनी एका एजंटकडे २०१७ ची इनोव्हा क्रिस्टा बघून ठेवली आहे : डिझेल, एक लाख चाळीस हजार रनिंग, मागणी साडेबारा लाख. मला नवी ग्लान्झा आवडली आहे. त्यावर यजमान म्हणतात, ती टोयोटा नव्हेच, मारुतीच्या बलेनोला टोयोटाचं चिन्ह चिकटवलंय. या कंपनीचं एवढं नाव खरंच आहे की नुसती हवा? आणि असेल तर ते ग्लान्झाला लागू होतं का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, आधी निकाल सांगून टाकतो, सुनावणी नंतर. रोज साठ किलोमीटर, गाडीत बहुतेक वेळा तुम्ही एकट्या आणि खर्चाची मर्यादा दहा लाख. या हिशेबात ग्लान्झा बसते, बलेनोही बसते, क्रिस्टा बसत नाही. तरीही तुमच्या सासऱ्यांना मी खोडून काढणार नाही. त्यांचा अनुभव शंभर टक्के खरा आहे. फक्त तो क्वालिसचा आहे, आणि ती गाडी आता मिळत नाही.

कंपनीचं नाव खरं की हवा, हे बघायचं तर थोडं मागे जावं लागेल, आणि तुम्हाला ते सांगणं सोपं आहे, कारण ही गोष्ट मागावरच सुरू होते.

साकिची टोयोदा हा जपानमधल्या एका सुताराचा मुलगा. आयुष्यभर त्याने माग सुधारले. १९२४ मध्ये त्याचा 'टाइप जी' नावाचा स्वयंचलित माग तयार झाला. चालत्या मागावर तो आडवा धागा नेणारा धोटा आपोआप बदलायचा, आणि ताण्याचा (उभा) किंवा बाण्याचा (आडवा) धागा तुटला की स्वतःहून थांबायचा. हे थांबणं किती मोलाचं, ते मी तुमच्या घरात सांगायला नको. तुटलेल्या धाग्यावर माग चालत राहिला तर वारभर कापड फुकट जातं आणि मग कापड दुरुस्त करणाऱ्या मेंडिंगवाल्यापासून व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांची बोलणी खावी लागतात. माग स्वतः थांबतो म्हटल्यावर एकेका मागाशेजारी माणूस उभा करायची गरज राहिली नाही. एकच कामगार कितीतरी माग सांभाळू लागला. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या त्या काळच्या बड्या मागवाल्यांनी या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. ज्या देशाकडून जपान यंत्रं विकत घेत होता, त्याच देशाने जपानी मागाला पैसे मोजले.

साकिचीचा मुलगा किइचिरो याला मोटारींचं वेड. १९३३ मध्ये त्याने मागाच्याच कारखान्यात मोटारींचा विभाग काढला. शेवरोलेचं इंजिन उलगडून बघितलं, तसंच आपलं बनवलं. १९३५ मध्ये पहिला ट्रक आला, १९३६ मध्ये पहिली मोटार विक्रीला आली आणि १९३७ मध्ये टोयोटा ही मोटारींची वेगळी कंपनी झाली. इथे एक गोष्ट नीट ऐका, कारण सासऱ्यांना ती ठाऊक नसणार : ते पहिले ट्रक चांगले नव्हते. वारंवार बंद पडत. रस्त्यात अडकलेल्या ट्रककडे कंपनीची माणसं धावत जात, दुरुस्त करून देत आणि काय मोडलं ते कारखान्यात जाऊन सांगत. म्हणजे आज ज्या नावावर लोक डोळे झाकतात, त्याची सुरुवात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रकपासून झाली.

युद्ध झालं, जपान हरला, आणि १९५० मध्ये टोयोटा बुडायच्या बेतात आली. पगार थकले, कामगार कपात झाली, मोठा संप झाला. किइचिरोने जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. त्याच जून महिन्यात कोरियात युद्ध पेटलं आणि अमेरिकी सैन्याने टोयोटाकडून ट्रक मागवले. कंपनी वाचली ती मुख्यतः या मागणीमुळे. गुणवत्तेची कहाणी त्यानंतरची. किइचिरो १९५२ मध्ये गेला. कंपनीची पहिली खरी यशस्वी मोटार, क्राउन, १९५५ ची.

गुणवत्ता आली ती ताइची ओनो या माणसाच्या हट्टातून. तोही टोयोदांच्या कापडाच्या धंद्यातून मोटारींकडे आलेला. मागाचं तत्त्व त्याने गाड्यांच्या कारखान्याला लावलं : चूक दिसली की थांबायचं. जुळणीच्या रांगेवर कामगारांच्या डोक्यावर एक दोरी असते. एखादा नट नीट बसला नाही, भाग चुकीचा आला, तर साधा कामगारही ती दोरी ओढतो. वरचा दिवा लागतो, मुकादम धावत येतो, आणि तेवढ्यात निस्तरलं नाही तर रांग थांबते. अमेरिकेतल्या कारखान्यांत तेव्हा उलटी रीत होती. रांग थांबवणं म्हणजे नोकरीवर पाणी. वाकडी गाडी तशीच पुढे जाऊ द्यायची आणि शेवटी पटांगणात नेऊन ठोकाठोकी करायची.

या फरकाचा पुरावा १९८४ मध्ये मिळाला. कॅलिफोर्नियातला फ्रीमाँटचा कारखाना जनरल मोटर्सने १९८२ मध्ये बंद केला होता. तिथले कामगार म्हणजे दांड्या, दारू आणि भांडणं, अशी त्यांची ख्याती. टोयोटाने जनरल मोटर्सच्याच भागीदारीत तो पुन्हा सुरू केला आणि बहुतेक जुन्याच कामगारांना परत घेतलं. थोड्याच काळात त्या कारखान्यातल्या गाड्या जनरल मोटर्सच्या सगळ्या कारखान्यांत उत्तम ठरू लागल्या. माणसं तीच होती. त्यांच्या हातात दोरी आली होती. टोयोटाच्या इतिहासातला हा मला सर्वात पटणारा भाग आहे. बाकी जपानी शिस्त, जपानी संस्कृती वगैरे जे सांगितलं जातं, त्यातलं बरंच व्याख्यानांत टाळ्या मिळवण्यापुरतं असतं.

आता तुमच्या नणंदबाईंची कॅमरी. अमेरिकेत टोयोटा १९५७ मध्ये पहिल्यांदा गेली ती क्राउन घेऊन, आणि सपशेल आपटली. जपानच्या खडबडीत, अरुंद रस्त्यांसाठी बनवलेली ती गाडी अमेरिकेच्या हायवेवर धापा टाकायची, तापायची, थरथरायची. कंपनीने तिची विक्री थांबवली, घरी येऊन अभ्यास केला आणि १९६५ च्या सुमारास कोरोना नावाची दमदार गाडी घेऊन परत गेली. (हो, नाव तेच. तेव्हा त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं.) १९६६ मध्ये कोरोला आली. १९७३ च्या तेलटंचाईत लांबलचक अमेरिकन गाड्या पेट्रोलपंपाच्या रांगेत उभ्या राहिल्या आणि या छोट्या गाड्यांकडे लोक वळले. कोरोलाचा जगभरातला खप पुढे पाच कोटींच्या वर गेला. तिच्या रूपावर कोणी कविता केली नसेल. पण सकाळी किल्ली फिरवली की ती सुरू होते, एवढ्यावर दोन-तीन पिढ्यांनी ती घेतली. अमेरिकेत नव्याने गेलेली आपली मराठी मुलं आजही पहिली गाडी म्हणून जुनी कोरोला किंवा कॅमरी शोधतात, ते याच कारणाने. तिकडे गॅरेजची मजुरी तासावर मोजतात आणि ती परवडण्यासारखी नसते. बंद न पडणारी गाडी हीच खरी बचत. नणंदबाई बरोबर बोलतात, पण त्यांच्या गावच्या हिशेबाने. इचलकरंजीत चांगला मिस्त्री हाकेच्या अंतरावर असतो.

भारतात टोयोटा आली १९९७ मध्ये, किर्लोस्करांच्या भागीदारीत. तुमच्यापासून फार लांब नसलेल्या किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगर बनवणाऱ्या लक्ष्मणरावांचे पणतू विक्रम किर्लोस्कर. त्यांनी टोयोटाला आणलं, तेही आधी कापडयंत्रांच्या धंद्यातून. मोटारींच्या अगोदर दोघांनी मिळून कापडगिरण्यांच्या यंत्रांची कंपनी काढली होती. मोटारींचा कारखाना बंगळुरूजवळ बिडदीला झाला, आणि २००० च्या आरंभी तिथून क्वालिस बाहेर पडली.

क्वालिस बघून शहरातल्या मोटारप्रेमींनी नाकं मुरडली होती. इंडोनेशियातलं जुनं मॉडेल, चौकोनी खोका, एवढी मोठी कंपनी आणि आपल्याला हे देते? पण ज्यांना गाडी पोटासाठी चालवायची होती त्यांनी ती ओळखली. तिचं डिझेल इंजिन २,४४६ सीसीचं आणि ताकद जेमतेम ७५ अश्वशक्ती. जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारा टर्बो नाही, इलेक्ट्रॉनिक भानगड नाही. एवढ्या मोठ्या इंजिनाकडून एवढंच काम घ्यायचं म्हटल्यावर ते झिजणार कशाने? खाली ट्रकसारखी शिडीची चासी, म्हणजे सांगाडा. आत आठ-दहा माणसं, वर कॅरिअरवर सामान, आणि चालली ज्योतिबाला. लाखो किलोमीटर झालेल्या क्वालिस लोकांनी बघितल्या आणि टोयोटाचं नाव महाराष्ट्राच्या गावागावात गेलं. जाहिरातीपेक्षा ते काम ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरांनी केलं. ड्रायव्हर मंडळी ढाब्यावर बसून गाड्यांबद्दल जे बोलतात, ते मी कुठल्याही तज्ज्ञाच्या परीक्षणापेक्षा जास्त मानतो. गाडी बंद पडली की त्यांची रोजी बुडते.

२००५ मध्ये, क्वालिस चांगली खपत असताना, कंपनीने ती बंद करून इनोव्हा आणली. तीही तशीच रुजली. नेत्यांच्या ताफ्यांपासून शिर्डी-अक्कलकोटच्या सहलींपर्यंत. मात्र टोयोटाने केलं की लोकांनी डोक्यावर घेतलं, असंही नाही. २०१० च्या अखेरीस भारतासाठी खास बनवलेली इटिऑस आली. गाडी दणकट, पण आतून फार साधी, मीटर मधोमध बसवलेला. घरच्या गिऱ्हाइकाला ती रुचली नाही, टॅक्सीवाल्यांनी मात्र पळवली, आणि २०२० मध्ये ती बंद झाली. नाव तेच असून घरच्या गिऱ्हाइकाने पैसे काढले नाहीत.

आता दिरांनी बघितलेल्या क्रिस्टाकडे या. तिचं इंजिन २,३९३ सीसी, म्हणजे क्वालिसपेक्षा किंचित लहानच, पण ताकद १५० अश्वशक्ती. बरोबर दुप्पट. टर्बो आहे, प्रचंड दाबाने डिझेल पुरवणारी कॉमन रेल आहे, डिझेलची भेसळ सहन न करणारे महागडे इंजेक्टर आहेत. इंजिन उत्तमच आहे, माझी तक्रार नाही. पण सासऱ्यांनी क्वालिस ज्या बेफिकिरीने वापरली असेल, ती या इंजिनाला चालत नाही. वेळेवर ऑइल, चांगला फिल्टर, वेळेवर सर्व्हिस मिळाली तर ते तीन-चार लाख किलोमीटर हसत काढेल. हे सगळं मिळालं होतं की नाही, ते चिन्हाकडे बघून कळत नाही.

आणि चिन्हाला डागही लागलेत. २००९-१० मध्ये अमेरिकेत गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारी झाल्या, माणसं दगावली, लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कारणं निघाली ती पायाखालच्या मॅटमध्ये ॲक्सिलरेटर अडकणं आणि पेडल चिकटणं; इलेक्ट्रॉनिक दोषाचा पुरावा सरकारी तपासात सापडला नाही. पण कंपनीने ग्राहकांपासून गोष्टी दडवल्या, हे २०१४ मध्ये तिला मान्य करावं लागलं आणि १२० कोटी डॉलर भरावे लागले. किइचिरोचा नातू अकिओ टोयोदा फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर उभा राहिला आणि आमची वाढ फार वेगाने झाली, अशी कबुली देऊन आला.

त्याहून मला जास्त लागलं ते २०२३ च्या डिसेंबरमधलं. दाइहात्सू ही टोयोटाच्या मालकीची छोट्या गाड्यांची कंपनी. तिने सुरक्षेच्या चाचण्यांत अनेक वर्षं लबाडी केल्याचं चौकशीत निघालं. ६४ मॉडेल, लबाडीचे १७४ प्रकार, त्यातला सर्वात जुना १९८९ चा. त्यातल्या कित्येक गाड्या टोयोटाचं चिन्ह लावून विकलेल्या. जपानमधले त्यांचे सगळे कारखाने काही काळ बंद ठेवावे लागले. चौकशी समितीने कारण काय दिलं? नवं मॉडेल काढायचं वेळापत्रक इतकं आवळलेलं, की जमत नाही असं वर सांगायची कोणाची छाती होईना. म्हणजे ज्या समूहाने जगाला दोरी ओढायला शिकवलं, त्याच्याच घरात दोरी ओढायला माणसं घाबरत होती.

महिन्याभरात, जानेवारी २०२४ मध्ये, हे आपल्या दारापर्यंत आलं. टोयोटासाठी डिझेल इंजिनं बनवणाऱ्या टोयोटा इंडस्ट्रीजने, म्हणजे साकिचीच्या त्या मूळच्या मागांच्या कंपनीनेच, काही इंजिनांच्या ताकदीच्या चाचणीत विक्रीच्या गाडीपेक्षा वेगळं सॉफ्टवेअर वापरून आकडे गुळगुळीत करून घेतले होते. इनोव्हा क्रिस्टा आणि फॉर्च्युनरच्या इंजिनांचा त्यात समावेश होता. भारतात या गाड्या पाठवणं काही दिवस थांबलं, मग सुरू झालं. गाडी वापरणाऱ्यांनी काही करायची गरज नाही, असं कंपनीने सांगितलं. तुम्ही घ्यायला निघालेल्या क्रिस्टाचं इंजिन यामुळे उद्या बंद पडेल असं मुळीच नाही. इंजिनाचं टिकाऊपण आणि कागदावरची चाचणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण "डोळे झाकून" हे शब्द कोणी वापरले की मला हे सगळं आठवतं.

ग्लान्झाबद्दल यजमानांचं म्हणणं बरोबर आहे. सुझुकी गुजरातेत हंसलपूरला बलेनो बनवते, तिथेच ग्लान्झाही बनते. इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच. पुढची जाळी, बंपर, चाकं, आतला रंग असले वरवरचे बदल. दोन्ही कंपन्यांनी २०१७ पासून हातमिळवणी केली आणि २०१९ मध्ये ग्लान्झा आली. आता उलटाही व्यवहार आहे : मारुतीची ग्रँड विटारा टोयोटाच्या बिडदीत बनते, आणि मारुतीची इन्व्हिक्टो म्हणजे इनोव्हा हायक्रॉस. म्हणून चिन्ह बघून गाडी कोणाच्या हातची, हे आता सांगता येत नाही.

पण यजमान "टोयोटा नाही" हे ज्या सुरात म्हणतात, तो सूर मला पटत नाही. बलेनोचं १.२ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन चांगलं मुरलेलं आहे. मारुतीने स्विफ्ट आणि डिझायरला आता तीन सिलिंडरचं नवं इंजिन दिलंय; बलेनो-ग्लान्झात जुनं चार सिलिंडरचं राहिलंय आणि ते चालवायला जास्त मऊ आहे. शिवाय सुझुकीचं मूळ बघाल तर मिचिओ सुझुकीने १९०९ मध्ये हामामात्सूला काय सुरू केलं? मागांचा कारखाना. तुमच्या घरात कुठलीही गाडी आली तरी ती मागवाल्याचीच असणार, एवढं सासऱ्यांना सांगायला हरकत नाही.

मग ग्लान्झा की बलेनो? पूर्वी ग्लान्झाच्या बाजूने ठोस मुद्दा होता : टोयोटाची वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, मारुतीची दोन वर्षं किंवा चाळीस हजार. २०२४ च्या जुलैपासून मारुतीनेही तीन वर्षं, एक लाख केली. वाढीव वॉरंटी दोघांकडे मिळते. मारुतीची सहा वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत जाते. टोयोटाची पाच वर्षं किंवा २ लाख २० हजारांपर्यंत. तुमचं रनिंग महिन्याला दीड हजार धरलं तरी वर्षाला अठरा हजार, म्हणजे पाच वर्षांत नव्वद हजार. किलोमीटरची मर्यादा तुम्हाला शिवणारच नाही, वर्षं मोजायची. सर्व्हिसला टोयोटाच्या वर्कशॉपमध्ये गिऱ्हाइकाला जरा बरी वागणूक मिळते असा बहुतेकांचा अनुभव आहे, पण वर्कशॉप कमी. मारुतीची तालुक्याच्या गावांतही सापडतात. वॉरंटी असेपर्यंत ग्लान्झा टोयोटाकडेच न्यावी लागेल. तुम्ही रोज कोल्हापूरला जाताच, तेव्हा गाडी सकाळी टाकून संध्याकाळी घ्यायची, तुम्हाला अडचण नाही. मी तुमच्या जागी असतो तर दोन्हीकडचे ऑन-रोड भाव लेखी घेतले असते आणि ज्याने इन्शुरन्स बाहेरून काढू दिला त्याची घेतली असती. यात चिन्हाला मी पाच हजारांपलीकडे किंमत देणार नाही.

सीएनजीचा विचार मात्र जरूर करा. महिन्याला दीड हजार किलोमीटरला क्रिस्टा साधारण सव्वाशे लिटर डिझेल पिईल, ग्लान्झा ऐंशी-पंच्याऐंशी लिटर पेट्रोल, आणि ग्लान्झाचं सीएनजी मॉडेल साठेक किलो गॅस. आजचे पंपावरचे भाव घालून गुणाकार तुम्हीच करा. सीएनजीत टाकीमुळे डिकी जवळजवळ जाते, गिअर हातानेच टाकावे लागतात आणि पंपावर रांग असते. या तिन्हीची तयारी असेल तरच. मॉडेल कुठलंही घ्या, सहा एअरबॅग असलेलीच घ्या. २०२५ च्या मध्यापासून त्या दोन्ही गाड्यांत सरसकट आहेत, पण डीलरच्या गोदामात जुना माल पडलेला असतो, म्हणून बनावटीचा महिना विचारा. बलेनोला भारत एनकॅप या गाड्यांच्या अपघात-सुरक्षेच्या चाचणीत पाचपैकी चार तारे मिळालेत.

दीर ऐकायलाच तयार नसतील आणि क्रिस्टाच घ्यायची झाली, तर निदान ती अशी बघा. एजंट गाडी तुमच्या दारात आणून दाखवतो म्हणाला तर नको म्हणा. गाडी जिथे रात्री उभी असते तिथे सकाळी जा आणि बॉनेटला हात लावून इंजिन गार असल्याची खात्री करून मग सुरू करायला लावा. गार इंजिनाचा पहिला धूर आणि पहिला आवाज खोटं बोलत नाही. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडा. आतून धूर फसफसत बाहेर येत असेल तर पिस्टन-रिंग गेल्यात असं समजा आणि चहा न घेता परत या.

मीटरवरच्या एक लाख चाळीस हजारांवर विश्वास ठेवू नका, कागद मागा. दर दहा हजारांना सर्व्हिस धरली तर चौदाच्या आसपास नोंदी हव्यात. चासी नंबर देऊन टोयोटाच्या वर्कशॉपमध्ये त्या काढता येतात. घरगुती गाडीला आठ वर्षांत एक चाळीस हा आकडा शोभतो, पण ट्रॅव्हल्सची इनोव्हा एवढं अडीच-तीन वर्षांत पळते. पिवळ्या पाटीची गाडी पांढऱ्या पाटीवर आणून, मीटर मागे करून विकणं हा या गाडीच्या बाबतीत रुळलेला धंदा आहे. आरटीओच्या नोंदीत पहिली नोंदणी खासगी होती की प्रवासी परवान्याची, ते बघून घ्या. क्लच पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं, ड्रायव्हरची सीट एका बाजूला बसलेली आणि मीटर मात्र कमी, असं असेल तर विषय संपवा.

आपल्या भागात एक तपासणी जास्तीची. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडच्या कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. त्यातल्या काही धुऊन-पुसून अजून फिरतायत. सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ दिसते का बघा, सीटखालचे लोखंडी रूळ गंजलेत का बघा, कार्पेट उचलून वास घ्या. इन्शुरन्स कंपनीकडे मोठा क्लेम झाला होता का, तेही विचारा. कर्जाचा बोजा उतरलाय का, चलनं थकलीत का, हे तर बघालच. आणि मिस्त्री आपला न्या, एजंटच्या ओळखीचा नको.

एवढं सगळं पास झालं तरी साडेबारा लाखांत गाडी फक्त दारात येईल. चार टायर, इन्शुरन्स, लवकरच क्लच, ब्रेक, सस्पेन्शनचे बुश, यासाठी लाख-दीड लाख बाजूला ठेवावे लागतील. आणि पावणेदोन टनांची गाडी तुम्ही एकट्या रोज कोल्हापूरच्या गर्दीत पार्किंगसाठी फिरवणार. सहा माणसांनी एकत्र जाण्याचे प्रसंग वर्षातून किती येतात ते दिरांना मोजायला सांगा. दिवाळीला, लग्नसराईला, एखाद्या देवदर्शनाला ड्रायव्हरसकट इनोव्हा भाड्याने मिळते, आणि तिच्या क्लचची चिंता दुसऱ्याची असते.

राहता राहिले सासरे. त्यांना वाद घालून पटवू नका, टेस्ट ड्राइव्हला बरोबर न्या. शोरूमच्या आसपासच्या गुळगुळीत रस्त्यावर एक चक्कर मारून परत येऊ नका. खड्डे, स्पीडब्रेकर आणि एखादा चढ असलेल्या रस्त्याने न्या, आणि त्यांना मागच्या सीटवर बसवा. क्वालिसमध्ये माणूस चढून बसायचा, या गाडीत वाकून खाली बसावं लागतं. गुडघे दुखत असतील तर ते पहिल्याच दिवशी कळेल. त्यांना जमलं तर त्याच संध्याकाळी दोन्ही डीलरांचे भाव घेऊन बसा. नाही जमलं तर मला पुन्हा लिहा. थोड्या उंच गाड्यांची नावं सांगेन, त्यातल्या काहींवर टोयोटाचं चिन्ह असेल, काहींवर नसेल.